'जतन करा' की 'साठवा'? भांडण आवरायची माझी पद्धत

एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, अ‍ॅपचं मराठीकरण आम्ही पंधरा-वीस जण गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर करतो. भांडणं आवरायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, आणि ते बहुतेक वेळा सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये उभ्या उभ्या होतं.

गेल्या पावसाळ्यात 'सेव्ह' बटणाला 'जतन करा' म्हणायचं की 'साठवा', असा इश्यू, म्हणजे चर्चेचा धागा, उघडला. अकराव्या कमेंटला पुण्याची मराठी विरुद्ध मुंबईची मराठी जुंपली. चौदाव्या कमेंटमध्ये एकानं नव्या मुलीला सुनावलं, "आधी ऱ्हस्व-दीर्घ शीक, मग इथे ये."

ही दोन दुखणी आहेत, एकच गोळी देऊ नका. पुणे-मुंबई हे नुसतं विषयांतर. कमेंटच्या तीन टिंबांत 'रेफरन्स इन न्यू इश्यू' असतं. तिथून नवा इश्यू काढा आणि मूळ जागी लिहा, 'बोलीचं तिकडे बोलू, इथे फक्त बटण.' मग जुनी कमेंट 'ऑफ-टॉपिक' म्हणून हाइड करा. दरडावू नका. भरकटणारे बहुतेक आपलेच असतात, रंगात आलेले.

चौदावी कमेंट मात्र आधी स्क्रीनशॉट काढून 'अब्यूज' म्हणून लगेच हाइड करायची. त्यानंतर पहिला मेसेज त्या मुलीला. सगळे मॉडरेटर आधी भांडणाऱ्याच्या मागे धावतात, मीही धावायचे, आणि तेवढ्यात नवं माणूस गुपचूप निघून जातं. मग सुनावणाऱ्याला, खासगीत. मी लिहिलं ते असं:

"दादा, शुद्धलेखनाचा मुद्दा बरोबर आहे, कुठली ओळ ते दाखवा. पण 'शीक, मग ये' हे आपल्या आचारसंहितेत बसत नाही. पुन्हा झालं तर सात दिवस ब्लॉक."

हा मेसेज घाटकोपर-कुर्ल्याच्या गर्दीत पाठवायचा नाही. दादरला डबा रिकामा होतो, तेव्हा पुन्हा वाचायचा. माझ्या पहिल्या मसुद्यात 'अक्कल' हा शब्द होता.

"लिनस टोरवाल्ड्सही शिव्या देतो की!" हे उत्तर हमखास येतं. हा लिनस म्हणजे लिनक्स कर्नलचा, त्या ओपन सोर्स प्रणालीच्या गाभ्याचा, जनक. त्यांना सांगा, त्यानंच सप्टेंबर 2018 मध्ये आपल्या वागण्याची जाहीर माफी मागून कामातून काही काळ रजा घेतली, आणि त्याच सुमारास लिनक्स कर्नलनं आचारसंहिता स्वीकारली. वाद तिथे सहसा थांबतो.

सगळेच पेटले असतील तर इश्यू 'टू हीटेड' कारण देऊन लॉक करा. पण पुन्हा कधी उघडणार ते लिहा, नाहीतर तोंड दाबल्यासारखं वाटतं.

ब्लॉक करताना मुदत नीट बघा. एक, तीन, सात, तीस दिवस, आणि शेवटी 'मी उठवेपर्यंत'. दादांनी पुन्हा तेच केलं, तेव्हा मी घाईत शेवटचा पर्याय दाबला. सात दिवसांची शिक्षा तेवीस दिवस चालली. माफी मग मलाच मागावी लागली, आणि तीही त्याच इश्यूत, सगळ्यांसमोर.