ताप उतरला तरी शाळा लगेच नको

फ्लू झालेल्या मुलाला सकाळी पॅरासिटामॉल दिलं की ताप उतरतो, मूल खेळू लागतं आणि आपण त्याला शाळेत धाडतो. दुपारी औषधाचा असर ओसरेपर्यंत विषाणू शेजारच्या बाकावर पोहोचलेला असू शकतो. म्हणून तापाचं औषध न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही, तरच शाळेत पाठवा. लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे साधारण ५ ते ७ दिवस संसर्ग पसरू शकतो, लहान मुलांकडून त्याहूनही जास्त. खोकला जोरात असेल तर आणखी एखादा दिवस घरीच राहू द्या. बुडालेला अभ्यास भरून निघतो. वर्गातल्या दमा असलेल्या मुलाला मात्र फ्लू फार जड जाऊ शकतो.

शाळांनी पूर्ण हजेरीचं बक्षीस ठेवूच नये, असं मला मनापासून वाटतं. त्यापायी आजारी मुलंही वर्गात येऊन बसतात. खिडक्या उघड्या ठेवा, खाण्याआधी साबणाने २० सेकंद हात धुवायला वेळ द्या. आणि दरवर्षीची लस साथीच्या हंगामाआधीच टोचून घ्या, कारण संरक्षण तयार व्हायला सुमारे २ आठवडे लागतात.