नकाशा नंतर, आधी शाळेमागचा पऱ्या

रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठी नदीच्या खाडीकाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तिसरी-चौथीला शिकवते. भूगोल शिकवताना जिल्ह्याचा छापील नकाशा मी सुरुवातीला गुंडाळूनच ठेवते. तो आधी उघडला की मुलं नावं पाठ करतात, पण शाळेमागचा पऱ्या, म्हणजे ओढा, कुठे जातो ते त्यांना सांगता येत नाही.

पावसाला उघडीप मिळाली की पटांगणात लाल मातीचा ढीग करा. उतारावर चिऱ्याचे दोन तुकडे पुरा आणि वरून तांब्याने सावकाश पाणी ओता. तुम्ही बोलू नका. पाणी चिऱ्याला वळसा घालतं, खाली सपाटीला येऊन गाळ टाकतं, हे मुलंच ओरडून सांगतील. उगम, वळण, मुख हे शब्द मग द्या.

त्यानंतर घर ते शाळा वाट पावलांनी मोजून कागदावर काढायची. उगवत्या सूर्याकडे तोंड केलं की डावा हात उत्तरेला, एवढं दिशांसाठी पुरे. विहीर, देऊळ, पाखाडी (पायऱ्यांची वाट), तरीचा (होडीचा) धक्का यांच्या खुणा मुलांनी आपसात ठरवाव्यात. मग कागदांची अदलाबदल करा आणि दुसऱ्याच्या कागदावरून त्याचं घर शोधायला लावा. वाट चुकली की खुणांची सूची कशाला हवी ते आपोआप कळतं.

वाड्या डोंगराच्या पायथ्याला आणि खाजणात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या दलदलीत, एकही घर नाही, असं का? हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून यायला सांगा. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर इथे निघतोच. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की नदीचं पाणी समुद्रात उतरायला अडतं, हे मातीच्या ढिगाऱ्याच्या तोंडाशी हात आडवा धरून दाखवता येतं. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं, त्या घरच्या मुलांना मात्र बोलायला भाग पाडू नका.

भरतीसाठी कोळ्यांचा हिशेब वापरा: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते. थोडा मागेपुढे फरक पडतो, तो मुलांनाच धक्क्यावरून टिपू द्या. वाशिष्ठीत मगरी आहेत, म्हणून मोठं माणूस सोबत हवंच आणि मुलं वरच्या पायरीवरच थांबली पाहिजेत.

आता नकाशा उघडा. माझा सगळ्यात आवडता तास हाच. घाटावरची कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागराकडे जातं. पण धरणातलं पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीला येतं, वीज तयार करतं आणि पुढे वाशिष्ठीत उतरून दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळतं. दोन रंगांचे दोरे घेऊन दोन्ही वाटा नकाशावर टाचणीने लावा. सह्याद्रीचा माथा ओलांडून माणसाने पाणी इकडे आणलं, हे बोटाने दोरा धरून बघताना मुलांचे डोळे विस्फारतात. या तासाला घाई करू नका, प्रश्न येऊ द्या.

परीक्षेत नद्यांची यादी विचारू नका. ‘तुझ्या अंगणात पडलेला पाऊस समुद्रापर्यंत कसा जातो? वाटेतली नावं लिही आणि चित्र काढ,’ एवढा एकच प्रश्न द्या.