निखाऱ्यांसमोरची जागा मागून घ्या

टेबल बुक करताना मी विनंतीच्या रकान्यात नेहमी एकच ओळ लिहिते : चूल दिसेल अशी जागा द्या. जिथे गॅसऐवजी लाकडावर आणि कोळशावर रांधतात, तिथे बघण्यासारखं सगळं आत असतं, खिडकीबाहेर नव्हे. लंडनमध्ये अशी हॉटेलं आता बरीच आहेत. पाहुणे आले की निदान एक संध्याकाळ मी त्यासाठी राखून ठेवते.

मागच्या वर्षी आई अलिबागहून आली, तेव्हा तिला शोरडिचमधल्या रेडचर्च स्ट्रीटवरच्या 'ब्रॅट'मध्ये नेलं. टॉमोस पॅरी या वेल्श शेफने ते 2018 मध्ये सुरू केलं आणि त्याच वर्षी त्याला मिशेलिन या नावाजलेल्या खाद्य-मार्गदर्शिकेचा तारा मिळाला. ब्रॅट हे टर्बट माशाचं जुनं नाव. हा मासा आपल्या लेपासारखा चपटा, पण परातीएवढा मोठा. तो अख्खाच्या अख्खा जाळीच्या पिंजऱ्यात बंद करून कोळशावर भाजतात. ही रीत स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरच्या गेतारिया गावची. तिथलं 1964 मध्ये सुरू झालेलं 'एल्कानो' हे हॉटेल मासे असेच भाजतं.

बसल्यावर पहिली पाच मिनिटं मेन्यू उघडू नका, भट्टीकडे बघा. आचारी ज्वाळेवर जवळजवळ काहीच ठेवत नाही. लाकूड जळून निखारे झाले की ते फावड्याने पुढे ओढतो, पसरतो आणि जाळी वर-खाली करून आच सांभाळतो. भरताचं वांगं मोठ्या ज्वाळेवर धरलं तर साल करपते आणि आत कच्चं राहतं, तसंच हे. शिवाय माशाची चरबी निखाऱ्यावर टपकली की जो धूर उठतो तो परत माशालाच लागतो. खरी चव त्यातच असते. आईला यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही. ती नुसती म्हणाली, "जाळ केव्हाच बसलाय, आता टाकेल."

मागवताना उलट्या क्रमाने जा. अख्खा मासा किंवा मोठं मांस भाजायला आणि मग मुरायला वेळ लागतो, म्हणून ते आधी सांगा आणि छोट्या थाळ्या नंतर ठरवा. मासा वजनावर विकत असतील तर आजचा मासा किती वजनाचा आहे आणि त्याचे एकूण किती पैसे होतील हे तिथल्या तिथे विचारा. आपण कोळणीला विचारतोच की, इथे संकोच कशाला? तिघांना एक मोठा मासा, दोन-तीन छोट्या थाळ्या आणि भाजलेला पाव पुरतो.

शाकाहारी माणूस बरोबर असेल तर मात्र फार जपा. मावससासूबाईंना मी एका ठिकाणी भाजलेला कोबी मागवून दिला. पहिल्या घासाला त्या थबकल्या. वरच्या लोण्यात अँचोव्ही, म्हणजे खारवलेले बारीक मासे, कुटून घातले होते. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी प्रत्येक भाजीबद्दल तीन गोष्टी विचारते : यात मासा आहे का, बटाटे कुठल्या चरबीत केलेत आणि जाळी मांसाची तीच आहे का. गायीची चरबी बटाट्याला लावणं इथे अगदी नेहमीचं आहे. नीट विचारलं तर राखेत भाजलेलं बीट, करपलेल्या सालीतला लीक (कांद्याच्या जाड पातीसारखी भाजी), धुरावलेलं दही असं सुंदर काही निघतं.

कॉकटेलांबद्दल माझं मत ठाम आहे : जेवण धुराचं असेल तर पेय धुराचं नको. मेझकॅल हे धुरकट मेक्सिकन मद्य दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. जेवणाआधी निग्रोनी घ्या. जिन, कँपारी हे कडू इटालियन मद्य आणि व्हर्मूथ ही गोडसर, मसालेदार वाइन समसमान. तिच्या कडूपणाने भूक उघडते. मेन्यूवर 'क्लॅरिफाइड मिल्क पंच' दिसलं तर ते जरूर चाखा. लिंबू घातलेल्या मद्यात दूध फाडतात आणि त्याच चोथ्यातून ते गाळतात. हाती येतं पाण्यासारखं नितळ आणि जिभेला मऊ लागणारं पेय. बेंजामिन फ्रँकलिनने 1763 साली एका मित्राला याची कृती लिहून पाठवली होती. 'पंच' हा शब्द आपल्या 'पाच'वरून, पाच जिनसांवरून आला, असं बरेच जण मानतात. दिसायला त्यात दुधाचा मागमूस नसतो, पण दूध न चालणाऱ्यांना ते चालत नाही, हे लक्षात ठेवा. माशाबरोबर मात्र कॉकटेल बाजूला सारून चाकोली मागवा. बास्क किनाऱ्याचीच आंबटसर, हलकी, किंचित बुडबुड्यांची पांढरी वाइन. न पिणाऱ्यांसाठी बिनमद्याचं पेय मागताना कोंबुचा टाळा. तो आंबवलेला चहा असतो आणि त्यात मद्यार्काचा अंश राहतो. नळाचं पाणी इथे कायद्याने फुकट मिळतं, बाटली घेण्याची गरज नाही.

रेशमी साडी आणि लोकरीचा कोट नको, वास दोन दिवस जात नाही. बिलात बहुधा साडेबारा टक्के सेवाशुल्क आधीच लावलेलं असतं. ते ऐच्छिक असतं, पण मी देते. ऑक्टोबर 2024 पासून ही सगळी रक्कम कर्मचाऱ्यांना देणं कायद्याने बंधनकारक आहे. आणि त्या भट्टीसमोर रात्रभर उभं राहणं म्हणजे काय, ते तुम्ही नुकतंच पाहिलेलं असतं.

मासा आला की काटा-सुरी खाली ठेवा. मधला जाड भाग सगळे घेतात, पण टर्बटची गंमत कडेला आहे. पंखांच्या बारीक काट्यांमधलं चिकट मांस बोटांनी धरून चोखायचं. काळसर कातडी टाकायची नाही. ताटात उतरलेला रस तेल आणि व्हिनेगरमध्ये मिळून दाट होतो, त्यासाठी पाव राखून ठेवा. डोक्यातले गाल चमच्याने काढा.

त्या संध्याकाळी ब्रॅटमध्ये आम्ही संकोचाने माशाचं डोकं ताटातच ठेवलं होतं. वेटर ते उचलायला आला, तशी आईने ताटावर हात ठेवला आणि मराठीतच म्हणाली, "थांब रे बाबा, माझं व्हायचंय अजून." त्याला एक शब्दही कळला नसेल. तो हसला आणि तिच्यासाठी आणखी पाव घेऊन आला.