तारा टाईट करून आल्यावरचे चार दिवस

लातूरला मुलींची मेस चालवते मी. अकरावी-बारावीच्या पोरी असतात, उदगीर, निलंगा, मुखेड, देगलूरकडच्या. दरवर्षी त्यातल्या काही जणींच्या दातांना तारा असतातच. माझ्या धाकटीलाही होत्या. त्यामुळे कुणी ताटात भाकरी तशीच ठेवली की मी आधी विचारते, "आज टाईट करून आलीस का?" मग गावाकडून आईचा फोन येतो, "काकू, लेकरू काहीच खाईना म्हणतंय." त्या आयांना जे सांगते तेच इथं लिहिते. मी डॉक्टर नाही. मुलीच्या डॉक्टरांनी समजावलेलं आणि रोज पंगतीत बघितलेलं, एवढंच माझ्याजवळ आहे.

तारांचं दुखणं दोन तऱ्हेचं असतं, आणि दोन्हींचा इलाज वेगळा. एक दात ओढला जातो त्याचं. दुसरं गाल-ओठ घासले जातात त्याचं. पोरी दोन्हीला "तोंड दुखतंय" म्हणतात आणि गालाच्या फोडासाठी दुखण्याची गोळी घेत बसतात. म्हणून आधी विचारा: चावल्यावर दुखतंय, का बोलताना टोचतंय?

चावल्यावर दुखत असेल तर घाबरायचं कारण बहुतेक नसतं. दात हाडात मेखेसारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती बारीक तंतूंचं पातळ अस्तर असतं. तार दाताला ज्या बाजूला ढकलते तिकडचं अस्तर दाबलं जातं, हळूहळू तिथलं हाड विरतं आणि मागच्या बाजूला नवीन हाड भरतं. महिन्याला साधारण १ मिलीमीटर, असा हा कारभार. त्या दाबानं तिथं सूज येते आणि दात हुळहुळे होतात. दात किंचित हलल्यासारखा वाटतो तोही त्यामुळेच.

या दुखण्याला वेळापत्रक आहे. टाईट करून आल्यावर चार-सहा तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतार, आणि आठवड्याच्या आत बहुतेकांचं जातं. दुपारी हसत आलेली पोरगी रात्री वरणसुद्धा नको म्हणते ते यामुळे. हे कळलं की तारीख घेतानाच शहाणपण करता येतं. आमच्याकडच्या क्लासची टेस्ट रविवारी, आणि पोरी शनिवारी सुट्टी मिळते म्हणून शनिवारीच टाईट करून येतात! रविवारी पेपर झाल्यावर किंवा सोमवारी जा. नीट परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तर नकोच. तारीख पुढं-मागं करून मागितली तर डॉक्टर देतात.

ब्रॅकेट, म्हणजे तार ज्यात अडकवतात ती दातावर चिकटवलेली बारीक चकती, लावायच्या आधी दाढांच्या फटीत बारीक रबर घालतात, साधारण आठवडाभर. कित्येकींना खऱ्या तारांपेक्षा तेच जास्त सलतं, दाढेत काहीतरी अडकल्यासारखं. काडीनं उकरायचं नाही. पडलं तर डॉक्टरांना कळवायचं.

आता खाणं. हा माझा प्रांत, म्हणून जरा सविस्तर.

पहिले दोन दिवस भाकरी पुढच्या दातांनी तोडायची नाही. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरल्या उतरल्या मऊ असते, तासाभरात वातड होते. म्हणून तारावालीची भाकरी मी शेवटी टाकते आणि ताटातच गरम वरणात कुस्करून, वर तूप घालून देते. पाच मिनिटं तशीच मुरू द्यायची. पिठल्यात कुस्करली तरी चालते, पण पिठलं सैल हवं. वरणफळं उत्तम. मऊ खिचडी, दहीभात, शेवयांची खीर हे तर आहेच. सकाळच्या नाश्त्याला सुशीला: मुरमुरे नीट भिजवून, पाणी पिळून, फोडणीत डाळ आणि शेंगदाणे न घालता. पोरींना ही आवडते, कारण आजाऱ्याचं जेवण वाटत नाही.

आणि आंबील. ताकातली ज्वारीची आंबील, लसूण घातलेली, गार. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, अख्खं लातूर शेतात असतं, तेव्हा तारावाल्या पोरींनी आंबील आणि भज्जी बिनघोर खावी. भज्जी शिजून शिजून गाळ झालेली असते. हरभऱ्याचे ढाळे, ऊस, बोरं मात्र बाकीच्यांसाठी सोडा. हे दुखण्यापुरतं नाही, तारा आहेत तोवर. ऊस सोलायला दात लावला की ब्रॅकेट निघालंच समजा. पेरू बारीक फोडी करून, बिया बाजूला काढून. हुरडा मऊ असेल तर चालतो, पण नंतर तारेत अडकलेला काढायला वेळ लागतो. चिक्की, रेवड्या, पाडव्याची गाठी, बर्फाचा खडा चावणं बंद. शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवून घ्या.

गारव्यानं बराच आराम पडतो. माठातलं गार पाणी घोट घोट तोंडात धरायचं, नाहीतर बर्फ रुमालात गुंडाळून गालावर बाहेरून दहा मिनिटं. काही वायरी तोंडाच्या उबेवर जोर धरतात. गार पाण्यानं त्या तेवढ्यापुरत्या सैल पडतात आणि गरम चहानं उलट ताणतात. त्या रात्री चहा कोमट करून प्या.

गोळीचं. डॉक्टर सहसा पॅरासिटामॉल सांगतात. वय आणि वजन बघून किती, ते त्यांच्याकडूनच घ्यायचं. दुखणं चढायची वाट न बघता आधीच एक घेऊ का, हेही टाईट करतानाच विचारून ठेवा. सर्दीच्या गोळीतसुद्धा पॅरासिटामॉल असतं, तेव्हा दोन्ही एकदम नको. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या सूज आणणारी जी द्रव्यं रोखतात, तीच दात सरकायलाही लागतात. म्हणून त्या रोज रोज घेऊ नयेत म्हणतात. एखाद्या वेळी घेतली तर बिघडत नाही, पण उपाशीपोटी नको, आणि दमा असेल तर विचारल्याशिवाय नकोच. लवंगतेल हिरडीवर ओतणं किंवा गोळी चुरून हिरडीत दाबणं हे गावाकडचे उद्योग करू नका. हिरडी भाजते.

आता टोचण्याचं दुखणं. याला मेण, म्हणजे क्लिनिकमधून मिळणारं वॅक्स. डबी सगळ्यांकडे असते, नीट लावता येत नाही. बेसिनपाशी उभी राहून एखादी ओल्याच ब्रॅकेटवर मेण चिकटवते, ते मिनिटात जिभेवर येतं, की म्हणते याचा काही उपयोग नाही. आधी हात धुवा. ओठ बोटानं बाहेर ओढून धरा, ब्रॅकेट कापसानं किंवा टिश्यूनं कोरडं पुसा. हरभऱ्याच्या दाण्याएवढं मेण घेऊन बोटांत मळा, मऊ झालं की ब्रॅकेटवर ठेवून दाबा आणि कडा तारेखाली थोड्या सरकवा. जीभ फिरवून बघा, गुळगुळीत लागलं पाहिजे. जेवायच्या आधी काढायचं, ब्रश केल्यावर नवीन लावायचं. चुकून गिळलं तरी काही होत नाही.

फोड आला असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा चूळ. त्या दिवसांत मिरचीचा ठेचा बंद, हे सांगताना पोरींची तोंडं बघण्यासारखी होतात. तोंड आल्यावर लावायची काही जेल १६ वर्षांखालच्या मुलांसाठी नसतात, तेव्हा मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गाल आतून सरावतो, मग हा त्रास पुष्कळ कमी होतो.

मागच्या दाढेपाशी वायरचं टोक बाहेर येऊन टोचत असेल तर पेन्सिलच्या खोडरबराच्या बाजूनं ते हलकेच दाताकडं वळवा, नाही वळलं तर मेण लावून डॉक्टरांना फोन. ब्रॅकेट सुटून तारेवर फिरत असेल तर ओढून काढू नका. निघून हातात आलंच तर डबीत ठेवून घेऊन जा.

दुखतं म्हणून दोन गोष्टी सुटतात, त्यानं दुखणं वाढतं. एक ब्रश. अन्न अडकून हिरड्या सुजल्या की त्याचं वेगळंच ठणकणं सुरू होतं. मऊ केसांचा ब्रश घ्या, हळू फिरवा, पण रात्रीचा चुकवू नका. दुसरं रबर बँड, म्हणजे वरच्या-खालच्या ब्रॅकेटना आपल्या हातानं अडकवायचे ते. दोन दिवस लावले, दोन दिवस काढले, की दात परत मागं सरकायला लागतात आणि पहिल्या दिवसाचं दुखणं पुन्हा पहिल्यापासून.

आठवडा उलटूनही दुखणं वाढतच असेल, एकच दात रात्री झोपू देत नसेल, हिरडीला किंवा गालाला सूज असेल, ताप असेल, तर ते तारांचं नेहमीचं दुखणं समजू नका. थांबू नका, दाखवा.

दिवाळीला गावी निघताना पोरींच्या बॅगेत मी तीन गोष्टी बघते: मेणाची डबी, जास्तीचे रबर बँड आणि डॉक्टरांचा नंबर. काही सुटलं तर फोटो काढून पाठवा. दुखणारं ब्रॅकेट घेऊन दोन-अडीच तास एसटीत बसून यायचं, का सुट्टी संपल्यावर आलं तरी चालेल, हे फोटो बघून डॉक्टर सांगतात.