मोटर गोल फिरते, ढोलवाल्याचा हात वरखाली कसा करायचा?

गणपतीच्या डेकोरेशनमध्ये ढोलवाला करायचाय, हात टिपरू घेऊन वरखाली हलला पाहिजे, पण मोटर त्याच्या बरोबर खाली बसवायला जागा नाही, ती बाजूला मखराच्या मागे लपवायचीय. म्हणजे गोल फिरणं आधी आडव्या ढकल-ओढीत आणलं आणि मग ती ढकल-ओढ उभी वळवली की झालं. जुन्या काळ्या सायकलींचे सळईवाले ब्रेक आठवा, वाटेत एक छोटा वाकडा लिव्हर सळईच्या ओढीची दिशा बदलायचा, त्यालाच बेल क्रँक म्हणतात, आपण त्याला एल पट्टी म्हणू.

सामान फार नाही. 12 व्होल्टची गिअर मोटर (60 आरपीएम, म्हणजे मिनिटाला 60 फेरे घ्या, सेकंदाला एक ठोका पडतो, 10 ची घेतलीत तर ढोलवाला पेंगल्यासारखा दिसतो), 3 मिमी प्लाय, सळईसाठी सायकलचे स्पोक, नटबोल्ट, वॉशर. सनबोर्डची एल पट्टी करू नका, दोन दिवसांत भोक मोठं होतं आणि सगळं लुळं पडतं.

आता मापं. मोटरच्या चकतीवर मध्यापासून 15 मिमीवर भोक पाडा, म्हणजे सळई दुप्पट, 30 मिमी पुढेमागे जाईल. एल पट्टीची उभी बाजू 40 मिमी, आडवी 80, कोपऱ्यात बोल्ट, त्यावरच ती फिरते. सळई उभ्या बाजूला जोडा, आडव्या टोकाला साधारण 60 मिमी वरखाली मिळेल, जोर मात्र निम्मा होतो, म्हणून हात हलकाच करा. तिथून दुसरी सळई वर हाताला, खांद्यापासून 60 मिमीवर.

मी पहिल्यांदा चकतीचं भोक 40 वर आणि एल पट्टी 35 ची केली होती, मोटर अर्धा फेरा फिरली आणि अडकून घुं घुं करत बसली. तेव्हा हिशोब आधी करा: चकतीचं भोक, सळई, एल पट्टीची बाजू आणि मोटरचा मध्य ते एल पट्टीचा बोल्ट, ही चार अंतरं. चकतीचं भोक सगळ्यात छोटं हवं, आणि सगळ्यात छोटं अधिक सगळ्यात मोठं हे उरलेल्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी पाहिजे. आपली सळई 100 ची आणि मोटरचा मध्य ते बोल्ट 108 धरलं तर 15 + 108 = 123, तिकडे 40 + 100 = 140, चालतंय.

जोडताना चकतीचं भोक बरोबर वर किंवा खाली आणा, त्या वेळी एल पट्टीची उभी बाजू सळईला काटकोनात हवी, नाहीतर हात वर जास्त आणि खाली कमी जातो. बोल्ट आवळून टाकू नका, दोन नट एकमेकांवर घट्ट करा, पट्टी मोकळी फिरली पाहिजे, भोकाला मेणबत्ती घासली तर उत्तम. स्पोकला मधे पक्कडीने व्ही आकार द्या, तो थोडा दाबला की सळई आखूड, उघडला की लांब, सेटिंगला याच्याइतकं सोपं काही नाही. टिपरू ढोलाच्या 2-3 मिमी अलीकडे थांबू द्या, लांबून ते वाजल्यासारखंच दिसतं आणि मोटरवर ताण येत नाही.

दुसरा ढोलवाला हवा असेल तर मोटर तीच, फक्त एलऐवजी उलटी टी कापा, एकाचा हात वर तेव्हा दुसऱ्याचा खाली. आदल्या रात्री तीन-चार तास चालवून ठेवा, कुठला नट सुटतो ते तेव्हाच कळू दे.