छोट्या लाइनीने इटलीतून स्वित्झर्लंडात

मुलगी मिलानोत नोकरीला आहे म्हणून आमची तिकडे फेरी होते. इंदूरच्या आमच्या रामबागेतले निम्मे लोक आता मुलांकडे जाऊन-येऊन असतात, आणि परत आले की मिलानोचं डुओमो चर्च आणि कोमो तलाव यांचेच फोटो दाखवतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक दिवस मोकळा ठेवा आणि इटलीतलं दोमोदोस्सोला ते स्वित्झर्लंडातलं लोकार्नो ही गाडी करा. आपल्या जुन्या महू-खंडवा लाइनीसारखीच ही मीटरगेज, म्हणजे आपल्या भाषेत छोटी लाइन. लांबी जेमतेम ५२ किलोमीटर. सुरू झाली नोव्हेंबर १९२३ मध्ये. इटलीत तिला विजेत्सिना म्हणतात, सीमेपलीकडे चेंतोव्हाली, म्हणजे शंभर दऱ्या.

निघायच्या आधी दोन गोष्टी. एक, शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना चालतो, पण पासपोर्ट मूळचाच बरोबर हवा. झेरॉक्स दाखवून भागत नाही. दुसरी, स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. इटलीचं सिमकार्ड सीमा ओलांडली की वेगळे पैसे खातं. मी सीमेवरच्या कामेदो स्टेशनच्या पुढे हौसेने नातवाला व्हिडिओ कॉल लावला आणि दहा मिनिटांत सगळा बॅलन्स साफ. तेव्हा गाडीत बसतानाच मोबाइल डेटा बंद करा.

मिलानोहून सकाळची दोमोदोस्सोलाची गाडी पकडा, दीड-पावणेदोन तास लागतात. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात ठप्पा मारून घ्या, नाहीतर दंड. दोमोदोस्सोला हे सिम्प्लॉन बोगद्याच्या मोठ्या लाइनीवरचं स्टेशन. छोटी गाडी शोधत आम्ही फलाटांवर दोन फेऱ्या मारल्या. ती वर नाहीच, जमिनीखाली आहे. पाट्या बघत जिना उतरा.

इथे पॅनोरमिक आणि साधी अशा दोन प्रकारच्या गाड्या मिळतात. पॅनोरमिकला मोठ्या काचा आणि वर थोडे जास्त पैसे. माझं मत विचाराल तर साधी घ्या. आपल्याला वाटेत उतरायचंय, आणि गावातल्या बायका भाजीच्या पिशव्या घेऊन साध्या गाडीतच चढतात. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर तो दोमोदोस्सोलापर्यंत चालतो. पास नसेल तर तिकीट घेताना मध्ये उतरणार हे खिडकीवर सांगा.

गाडी सुटली की लगेच चढ. आपल्या महू-खंडवा लाइनीवर कालाकुंडहून पाताळपाणीला चढताना मागून दुसरं इंजिन लागायचं, आठवतंय? तो चढ चाळीसला एक, म्हणजे चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. इथे काही ठिकाणी साधारण सतराला एक आहे, तरी दात्यांचा रूळ नाही, मागून धक्का नाही. विजेची गाडी, चाकं कुरकुरतात आणि वळणावर आपलाच शेवटचा डबा खिडकीतून दिसतो. ही म्हणाली, आता कालाकुंडसारखं कोणीतरी पानातला कलाकंद घेऊन खिडकीशी यायला पाहिजे. कोणी आलं नाही. म्हणून सांगतो, दशम्या आणि चटणी बरोबर घ्या. सीमेपलीकडे एका कॉफीला जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत दोघांचं पोट भरतं.

पहिला मुक्काम सांता मारिया माज्जोरे. या खोऱ्यातली माणसं, त्यात लहान पोरंही, पूर्वी धुराडी साफ करायला देशोदेशी जायची. त्याचं छोटंसं संग्रहालय आहे, ते चुकवू नका. ओ द कोलोन हे अत्तर बनवणारा फारिनाही याच गावचा. पुढे रे या गावी देवीचं, म्हणजे मेरीमातेचं, मोठं घुमटवालं देऊळ लागतं. १४९४ मध्ये दगड लागून तिच्या चित्रातून रक्त आलं अशी श्रद्धा आहे. वेळ असेल तर उतरा, नसेल तर खिडकीतून नमस्कार पोचतो.

सीमेनंतर उजव्या बाजूला बसा. नदी, पालान्येद्राचा हिरवा-निळा जलाशय, पलीकडच्या उतारावर चिकटलेली दगडी घरं, सगळं उजवीकडे आहे.

आता बटणाची गोष्ट. लहान थांब्यांवर बहुतेक वेळा सांगितल्याशिवाय गाडी थांबत नाही. आम्हाला वेरदाझिओला उतरायचं होतं. तिथून रोपवे रासाला जातो. त्या गावाला मोटाररस्ताच नाही, चालत जा नाहीतर पाळण्यातून. मी पिशवी घेऊन शहाण्यासारखा दाराशी उभा, आणि वेरदाझिओ समोरून निघून गेलं. दाराजवळचं बटण दाबायचं असतं, तेही आधीचं स्टेशन सुटल्याबरोबर. फलाटावरून गाडीत चढायचं असेल तरी तिथलं बटण दाबून ठेवा. इंदूरच्या टेम्पोला "रोकना भिया" ओरडून थांबवणाऱ्या माणसाला हे सुचायचं कसं!

त्या चुकीमुळे आम्ही इन्त्रान्याला उतरलो, ते बरंच झालं. तिथल्या चर्चचा ६५ मीटरचा मनोरा तिचीनो प्रांतातला सगळ्यात उंच. गल्ल्या इतक्या अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. स्टेशनजवळ इझोर्नो नदीवरचा लोखंडी पूल आहे. गाडी त्याच्यावरून जाताना खाली बघा, पण फोन खिडकीबाहेर धरू नका. शाकाहारी असाल तर चीज घातलेला पोलेंता मागा, मक्याचा घट्ट सांजा समजा. आम्ही त्यावर पुडीतलं जिरावण, म्हणजे आपला पोह्यांवरचा इंदुरी मसाला, भुरभुरलं. युरो दिले तर बरेचदा घेतात, पण सुटे फ्रँकमध्ये परत देतात, म्हणून मोठी नोट काढू नका. पुढच्या गाडीने मागे जाऊन रासा केलंच. रोपवेच्या वेळा मात्र आदल्या दिवशी बघून ठेवा.

ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाभर पानं लाल-पिवळी होतात, तेव्हा गर्दी असते. जागा आधी घ्या.

लोकार्नोलाही ही गाडी भुयारातच थांबते. वर आलात की पाच मिनिटांवर माज्जोरे तलाव. परत दोमोदोस्सोलाला जायची गरज नाही, लोकार्नोहून लुगानो-कियास्सोमार्गे मिलानोला थेट गाड्या आहेत. कियास्सोला कधी कधी पोलीस चढतात. आमची पिशवी उघडली, जिरावणाची पुडी हुंगली, शिंकले आणि पुढच्या बाकाकडे गेले.