शाळा सुटली, आता दहावी करायची आहे: उन्हाळ्यात या चुका टाळा

मे महिना लागला की एक प्रश्न हमखास येतो. "पोराची शाळा मधेच सुटली, सतरा नंबरचा फॉर्म कधी निघतो?" सतरा नंबर म्हणजे शाळेत न जाता, बाहेरून दहावी-बारावी देण्यासाठी राज्य मंडळात नाव नोंदवायचा फॉर्म. मी उलट तीन गोष्टी विचारते. वय किती, शेवटची पास झालेली इयत्ता कोणती आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात आहे का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण "शाळेत असेल की" म्हणतात, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. फॉर्म निघेल तेव्हा निघेल. त्याआधीचे दोन महिने खरे कामाचे असतात.

सगळ्यांना एकच फॉर्म चालतो असं समजणं

वस्तीत, चाळीत कुणी एकाने सतरा नंबरने दहावी काढली की सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसतं. खरं तर वयाप्रमाणे रस्ते वेगळे आहेत.

मूल चौदाच्या आतलं असेल तर फॉर्मचा विचारच नको. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, असं त्यात स्पष्ट आहे. आठवी पूर्ण होईपर्यंत हा हक्क राहतो, मधे चौदा वर्षं उलटली तरी. 'दाखला आणा, मग बघू' किंवा 'जन्माचा पुरावा नाही, मग प्रवेश नाही' ही उत्तरं या कायद्यात बसत नाहीत. जून उलटून गेला हेही कारण चालत नाही. जवळच्या जिल्हा परिषद किंवा पालिका शाळेत मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी बोलणं कुणाच्या लक्षात राहत नाही.

पंधरा-सोळाचं पोर असेल तर आधी ते शाळेतच नववीला परत बसतंय का, ते बघा. बाहेरून दहावी करणं वाटतं तेवढं सोपं नाही. रोज कुणीतरी वर्गात बसवतं याची किंमत मार्च जवळ आला की कळते.

सतरा नंबर, म्हणजे राज्य मंडळाची खासगी विद्यार्थ्यांची नावनोंदणी, हा त्यानंतरचा रस्ता. दहावीसाठी किमान पाचवी पास असावं लागतं आणि चौदा वर्षं पूर्ण झालेली हवीत. बारावीला दहावी पास होऊन दोन वर्षांचं अंतर लागतं. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना शेवटी कळते: या फॉर्मवर विज्ञान शाखेची बारावी होत नाही. ज्याला विज्ञानच करायचंय त्याने सतरा नंबरमागे वर्ष घालवू नये.

आणि तिसरीतच शाळा सुटली असेल तर? तिथे सतरा नंबर चालत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे, म्हणजे घरी अभ्यास करून परीक्षा देता येते त्या केंद्राच्या मंडळाचे, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे अ, ब, क स्तर आहेत. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचेही पाचवी आणि आठवीचे स्तर आहेत. चाळिशीतल्या बायकांसाठी मला हा मार्ग जास्त माणुसकीचा वाटतो. एकदम दहावीचं गणित समोर आलं की त्या पुस्तक मिटून ठेवतात.

नापास झालेल्याने सतरा नंबर शोधणं

दहावीला शाळेतून बसून नापास झालेला मुलगा 'बाहेरचा' होत नाही. तो पुनर्परीक्षार्थी असतो आणि त्याचा फॉर्म त्याच्याच शाळेतून जातो. उन्हाळ्यात ही चूक महागात पडते, कारण वेळ फार थोडा मिळतो. २०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मेला लागला आणि पुरवणी परीक्षा २४ जूनला सुरू झाली. फॉर्म भरायचे दिवस या दोन तारखांच्या मधले. निकालानंतर पोराला गावी पाठवून दिलं, तो जूनमध्ये परतला आणि फॉर्मची मुदत गेली, असं दरवर्षी कुणाचं तरी होतं. रागावायचं असेल तर फॉर्म भरून झाल्यावर रागवा.

दाखल्याचं काम जुलैवर ढकलणं

सगळ्यात जास्त वेळ यात जातो, म्हणून जरा सविस्तर.

सतरा नंबरला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो हरवला असेल तर द्वितीय प्रत आणि सोबत प्रतिज्ञापत्र. द्वितीय प्रत म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरमधली जुनी नोंद शोधणं आलं. हायस्कुलात कारकून असतो, सुट्टीतही कार्यालय अधूनमधून उघडं असतं. दोन शिक्षकी प्राथमिक शाळेत कारकून नसतो. रजिस्टर कपाटात असतं आणि किल्ली गुरुजींकडे. ते एकदा सुट्टीला गावी गेले की जूनच्या मध्यापर्यंत, विदर्भात तर त्याहूनही उशिरापर्यंत, काम थांबतं. म्हणून दाखल्यासाठी एप्रिलमध्येच जा, निदान निकालपत्रक वाटायच्या दिवशी तरी. त्या दिवशी सगळे शाळेत असतात.

दाखला मिळाला की तिथेच उभं राहून वाचा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, शेवटची इयत्ता. एका मुलीच्या दाखल्यावर जन्माचं वर्ष अंकात एक आणि अक्षरात दुसरं होतं. घरी कुणी बघितलं नाही, मीही बघितलं नाही. फॉर्म भरायला बसलो तेव्हा लक्षात आलं. शाळा सोडल्यानंतर नोंदीत दुरुस्ती करायची तर प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, मुख्याध्यापक स्वतः खाडाखोड करून देऊ शकत नाहीत. त्या मुलीचं ते वर्ष गेलं. तेव्हापासून मी दाखला आधी उजेडात धरते आणि मग पिशवीत ठेवते.

आधारवर एक स्पेलिंग आणि दाखल्यावर दुसरं, हे तर घरोघरी. शक्यतो आधार दाखल्याप्रमाणे करून घ्या, उलटं करायला जाऊ नका. आधारचं काम केंद्रावर होतं, दाखल्याचं कार्यालयात अडकतं. लग्न झालेल्या मुलींनी दाखल्यावरचंच नाव लावावं. सासरचं आडनाव लावलं की पुढे गुणपत्रिका आणि दाखला जुळत नाहीत.

मूळ दाखला एकच असतो हेही विसरायला होतं. आयटीआयला एक अर्ज, सतरा नंबरला दुसरा आणि मूळ दाखला पहिल्या ठिकाणी जमा! आधी ठरवा, मग द्या. चार झेरॉक्स काढून साक्षांकित करून ठेवा.

मुक्त विद्यालयाची जुलैची मुदत चुकवणं

राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पुढच्या एप्रिलच्या परीक्षेसाठीचे प्रवेश साधारण मार्चच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत चालतात. त्यानंतर काही आठवडे विलंब शुल्क भरून प्रवेश मिळतो. तेही चुकलं की परीक्षा सरळ ऑक्टोबरवर जाते. नेमकी तारीख दरवर्षी त्यांच्या संकेतस्थळावर बघा, शेजारच्यांच्या मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

दहावीला किमान वय चौदा, बारावीला पंधरा. आठवीचा कागद नसेल तर दहावीसाठी स्वयंघोषणा चालते. दाखला खरोखरच मिळत नाही अशांना याचा मोठा आधार आहे. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि विषय थोडे थोडे करून काढता येतात. दुसऱ्या मंडळात पास झालेले दोन विषयांपर्यंतचे गुण इकडे आणता येतात, पण ते प्रवेशाच्या वेळीच सांगावं लागतं. मराठी माध्यमातून दहावी करता येते, फक्त फॉर्ममध्ये माध्यम नीट निवडा. सायबर कॅफेवाला घाईत इंग्रजी टाकून मोकळा होतो.

नावनोंदणी झाली म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं वाटणं

सतरा नंबर भरला, संपर्क केंद्राच्या, म्हणजे फॉर्ममध्ये निवडलेल्या शाळेत कागद दिले, नावनोंदणी प्रमाणपत्र आलं. घरचे निवांत होतात. पण परीक्षेचं आवेदनपत्र वेगळं असतं आणि ते त्या शाळेतून नंतर भरायचं असतं. त्याची सूचना मोबाइलवर येते, आणि फॉर्मवर नंबर असतो कॅफेवाल्याचा! नंबर आणि ईमेल घरातलाच द्या, पासवर्ड वहीत लिहा. तोंडी परीक्षा आणि अंतर्गत मूल्यमापनही त्या केंद्रावरच होतं, म्हणून केंद्र जाता-येता येईल असं निवडा.

'एका वर्षात दहावी-बारावी'च्या पाटीला भुलणं

राज्य मंडळ असो की राष्ट्रीय मुक्त विद्यालय, दोन्हीकडे दहावी आणि बारावीत दोन वर्षांचं अंतर धरलेलं आहे. मग ही पाटी लावणारा प्रमाणपत्र कुठलं देणार? मिळत्याजुळत्या नावाची बनावट मंडळंही आहेत. पैसे देण्याआधी एवढंच विचारा: प्रमाणपत्रावर मंडळाचं नाव काय असेल आणि शुल्काची पावती कुणाच्या नावाने मिळेल? पावती क्लासच्या नावाची असेल तर तिथून उठा. राज्य मंडळाची नऊ विभागीय कार्यालयं आहेत, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचं विभागीय केंद्र पुण्यात आहे. तिथे जाऊन विचारायला पैसे पडत नाहीत. फक्त दाखल्याची झेरॉक्स सोबत न्या, कारण खिडकीवरचा माणूसही आधी तीच मागतो.